परंड्याची मगर आणि इतिहासाची पदवी

इतिहासाची पदवी घेतलेल्या माणसाला नेमकं काय आलं पाहिजे, हे आमच्या कॉलेजात एका मगरीनं ठरवलं. मगर माझी. परंड्याच्या किल्ल्याच्या खंदकात ती मीच सोडली, तीही तोंडानं. तिनं एका सज्जन माणसाची नोकरी खाल्ली आणि माझी कायम केली. एवढं काम एखाद्या सरकारी खात्यात कुणी केलं असतं तर त्याला बढती मिळाली असती. मगरीला मी निदान इथं जागा देतोय.

निजामाचं संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी आमच्या गावाला दोन नावं होती. कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव. कॉलेज मात्र कोरं करकरीत. इतकं कोरं, की भिंतींचा चुना अजून वाळायचा होता. टेकून बसणाऱ्या पोरांच्या पाठी पांढऱ्याफटक व्हायच्या. बाजारात नुसता पाठमोरा माणूस दिसला तरी हा कॉलेजात शिकतो आणि मागच्या बाकावर झोपतो, एवढं सगळ्या गावाला कळायचं.

इतिहास शिकवायला आम्ही चौघं होतो. विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. पंचांग बघितल्याशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस, पण शिक्षण सगळं हैदराबादेत, उर्दूतून. शेरवानी घालून संध्या करणारा माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला. निजामाच्या राज्यात त्यांनी उर्दूत नोट्स लिहिल्या होत्या. राज्य बदललं तेव्हा त्याच नोट्स त्यांनी मराठीत करून घेतल्या. ते कागद इतके जुने आणि ठिसूळ होते, की तास सुरू करण्याआधी साहेब खिडक्या लावून घ्यायला सांगत. नाहीतर एखादं साम्राज्य वाऱ्यानं उडून जायचं. साहेब सांगत, पोरं लिहून घेत, आणि परीक्षेत तेच उतरवून परत साहेबांच्या हातात येत असे. वर्षानुवर्षं हा माल असा फिरत होता आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

दुसरे उमरग्याचे सर. ते दिवसाला इतका चहा पीत की त्यांना टाचणी टोचली असती तर रक्ताच्या जागी चहा निघाला असता, वर साय आली असती. त्यांचं मत नेहमी शेवटी बोलणाऱ्याचं असायचं. म्हणून साहेब नेहमी शेवटी बोलत.

तिसरे लोहाऱ्याचे सर. लोहाऱ्याच्या तहसील कचेरीत ते कारकून होते. कायम कारकून. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात अभ्यास करून ते बाहेरून एम. ए. झाले आणि इतिहासाच्या प्रेमापोटी कायम नोकरीवर लाथ मारून आमच्याकडं तात्पुरते अध्यापक म्हणून आले. ती कारकुनी सासऱ्यानं खटपट करून मिळवून दिलेली. त्या दिवसापासून सासरा जावयाशी बोलेना. जावई समोर पाटावर बसलेला असला तरी म्हातारा लेकीकडं तोंड करून म्हणायचा, "ह्यांना विचार, भात वाढू का?" घरात दोन पोरी, तिसरं येऊ घातलेलं. जून महिन्यात विभागात एक जागा कायम होणार होती. ती मिळाली तर सासरा बोलणार होता. नाही मिळाली तर परतायला जागा नव्हती, कारण कचेरीतल्या त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचा धाकटा मेहुणा बसला होता.

चौथा मी. मीही तात्पुरता. परंड्याचा. थापाड्या म्हणून तालुक्यात नाव, पण तो गुण माझा नव्हे, वडिलांचा. वडिलांनी एकदा भर पारावर सांगितलं होतं, की आमच्या बैलाला एकादशी कळते आणि त्या दिवशी तो कडब्याला तोंड लावत नाही. गावानं ते मान्य केलं होतं. मला नोकरी मिळाली नसती तर मी परंड्याला शेती बघितली असती आणि थापा मारल्या असत्या. मिळाली तर पगार घेऊन मारणार होतो. फरक एवढाच.

तर एके दिवशी विद्यापीठाकडून एक परिपत्रक आलं. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेल्या विद्यार्थ्यास काय काय करता यावे, हे प्रत्येक कॉलेजने कळवावे. आता या गोष्टीला भलंमोठं नाव आहे, अध्ययन-निष्पत्ती की काय म्हणतात. तेव्हा नाव नव्हतं, नुसता प्रश्न होता, आणि तो वाचून आम्ही चौघं असे बसलो जसं काही कुणी विचारलंय, तुमची गाय दूध देते का ते कळवा.

"काय करता यावं म्हणजे?" उमरग्याचे सर म्हणाले. "बी. ए. झाला की नोकरी करतोय की तो."

"सनावळ्या पाठ असाव्यात," मी म्हणालो.

"आदर," साहेब म्हणाले. "इतिहासाबद्दल आदर वाटायला पाहिजे. बस्स. बाकी सब बेकार."

"आदर पाहिजेच," उमरग्याचे सर म्हणाले.

लोहाऱ्याच्या सरांनी चष्मा पुसला. हा माणूस बोलण्याआधी चष्मा पुसायचा, आणि पुसेपर्यंत दुसरा कुणीतरी बोलून जायचा. त्या दिवशी कुणी बोललं नाही, तिथंच घात झाला. ते म्हणाले, "मला एकच वाक्य सुचवायचंय. समोरचा माणूस सांगतो ते खरं की खोटं, हे विद्यार्थ्याला पारखता यावं. आणि खोटं असेल तर तसं म्हणता यावं."

साहेबांनी शेरवानीचं वरचं बटण चाचपलं.

"समोरचा म्हणजे कोण, जनाब?"

"कुणीही, साहेब. पुस्तक असो, कागद असो, माणूस असो."

"शिक्षक?"

"शिक्षकही," लोहाऱ्याचे सर म्हणाले. या माणसाला कुठं थांबायचं ते कळत नव्हतं. कारकुनीत एवढी वर्षं काढून ते कसं कळलं नाही, देव जाणे.

साहेब हसले. साहेबांचं हसणं म्हणजे आढ्यावरच्या पाली खाली पडाव्यात असं. "वाह! ठेवू हे वाक्य. पण जे पोरांना येत नाही ते यायला पाहिजे म्हणून कळवायचं कसं? आपल्या पोरांना येतं का हे? सबूत पाहिजे."

"येतं," लोहाऱ्याचे सर म्हणाले. "तिसऱ्या वर्षाला मी तेच शिकवतोय, साहेब."

"मग प्रयोग करू." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "तिसऱ्या वर्षाची सहल परंड्याला जातेय. हे आपले दोस्त किल्ला दाखवतील, आणि दाखवताना खोटं सांगतील. खुल्लमखुल्ला खोटं. पोरांना आधी काही सांगायचं नाही. एका जरी पोरानं हात वर करून 'हे खोटं आहे' म्हटलं, तर तुमचं वाक्य राहील. आणि जूनमध्ये तुम्हीही राहाल. नाही म्हटलं तर दोन्ही जातील. मंजूर?"

लोहाऱ्याच्या सरांनी मान हलवली. केवढ्या विश्वासानं हलवली! माझ्या थापा ऐकून सबंध वर्गात एक हात वर येणार नाही, असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. थापेबाजीत माझी कीर्ती होती हे त्यांना ठाऊक होतं. मी परंड्याचा आहे, हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघायचं तेवढं ते विसरले.

यष्टी सकाळी निघाली, आम्ही चौघंही तीत होतो. बार्शीवरून परंड्याला पोचेपर्यंत सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. किल्ला दोन पावलांवर होता. पण मी म्हणालो, "आधी घरी चला. भाकरी खाऊन मग किल्ला बघू."

हा माझा डाव होता आणि तो मी आजही छाती ठोकून सांगतो, कारण परंड्याच्या किल्ल्यावर याहून चांगली मोर्चेबांधणी कुणा सरदारानंही केली नसेल. आईनं पहाटेपासून चूल पेटती ठेवली होती. ज्वारीच्या भाकऱ्यांचा ढीग घातला होता तो इतका उंच, की पलीकडं बसलेलं माणूस दिसत नव्हतं. शेंगदाण्याची चटणी, आमटी, ठेचा, दही. आई प्रत्येकाच्या पाठीवरनं हात फिरवून वाढत होती. "खा रं माज्या लेकरा. लाजू नगंस. तुज्या सराचंच घर हाय." लोहाऱ्याच्या सरांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि आईला म्हणाले, "आई, अशी आमटी मी जन्मात खाल्ली नाही." मी त्यांना आणखी वाढायला लावली. वाढताना मला गहिवरून आलं. आपल्याच नोकरीच्या तेराव्याला माणूस एवढं मन लावून जेवताना मी पहिल्यांदा बघत होतो.

वडील किल्ल्यावर आमच्याबरोबर आले. पांढरं धोतर, फेटा, हातात काठी. मी त्यांना सगळ्यात पुढं तोफेच्या चौथऱ्यावर बसवलं.

मग मी सुरुवात केली. "ही तोफ एकदाच उडाली. पण अशी उडाली, की तिकडं कुर्डुवाडीच्या स्टेशनात मास्तरांची टोपी उडून रुळावर पडली." मी थांबलो. तोफ कुठल्या काळातली आणि आगगाडी कुठल्या, हे आमच्या बैलालाही कळलं असतं. लोहाऱ्याचे सर पोरांकडं असे बघत होते, जसा एखादा बाप लेकाची मुंज बघतो. पोरांनी माना खाली घातल्या आणि लिहून घेतलं.

"हा तट बघा. याच्या चुन्यात लाखो अंडी घातलीत. कोंबडीची. म्हणून अजून पहाटे तट आरवतो."

मागं उभे असलेले साहेब म्हणाले, "सुभानल्ला!" पोरांनी लिहून घेतलं. एकानं शेजाऱ्याला विचारलं, "लाखो का लाख?"

"आणि या खंदकात," मी म्हणालो, "एक मगर होती. साधी मगर नव्हे. दरबारात वाढलेली. तिला फारसी येत होती. रात्री कुणी पोहत आला तर ती फारसीत विचारायची, कोण आहे? बरोबर फारसीत उत्तर दिलं तर सोडायची. व्याकरण चुकलं तर पाय तोडायची. पुरा खाल्ला, तो एकच शत्रू. त्यानं उत्तर कानडीत दिलं होतं."

एक हात वर आला. लोहाऱ्याचे सर एक पाऊल पुढं सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि मला शब्दांत काय सांगता येत नाही असं फार थोडं आहे.

हात उमरग्याकडच्या एका थोराड पोराचा होता. "सर, मगरीला फारसी येत होती का उर्दू?"

"फारसी," मी म्हणालो. "उर्दू तिच्या पिल्लांच्या वेळी आली."

त्यानं ते लिहून खाली रेघ मारली. लोहाऱ्याचे सर एक पाऊल मागं गेले. आणि तेवढ्यावर भागतंय म्हणता म्हणता चौथऱ्यावरून माझे वडील मिशी पुसत म्हणाले, "खरं हाय ते. माज्या आज्यानं बघितली व्हती ती मगर. सोत्ता, ह्याच डोळ्यांनी." कुठल्या डोळ्यांनी ते दाखवायला त्यांनी आपले डोळे दाखवले.

वर्गात मुली दोनच. त्यातली एक तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली. ती ओठ मिटून, मान खाली घालून बसली होती. तिनंही हात वर केला नाही.

साहेबांनी लोहाऱ्याच्या सरांच्या खांद्यावर हात ठेवला. हात असा ठेवला, जसा कसाई बकरं किती भरलंय ते बघतो. "अफसोस, जनाब. एक हाथ नहीं उठा. जो उठा वो मगर के लिए उठा."

परतीच्या यष्टीत लोहाऱ्याचे सर खिडकीकडं तोंड करून बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. "सर, ही गाडी लोहाऱ्याला जात नाही," मी म्हणालो. "पण काळजी नको. जूनमध्ये थेट गाडी सुटणार आहे." उमरग्याचे सर हसले. मग साहेब हसत नाहीत असं पाहून गप्प झाले. मग साहेब हसले, तेव्हा परत हसले. थोड्या वेळानं लोहाऱ्याच्या सरांनी चष्मा काढून पुसला, पण बोलण्यासाठी नव्हे.

गोष्ट इथंच संपली असती तर ती साधी झाली असती. नोकऱ्या काय, जातच असतात. पण सोमवारी आम्ही चौघं खोलीत बसलो असताना दारात ती पुजाऱ्यांची मुलगी आली, आणि तिच्यामागं निम्मा वर्ग. पाठी सगळ्यांच्या पांढऱ्या. किल्ल्यावर लोहाऱ्याच्या सरांची परीक्षा होती हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. उमरग्याच्या सरांनी चहाच्या टपरीवर सांगितलं असणार. त्यांच्या पोटात चहाशिवाय काही राहत नसे.

"साहेब, आत येऊ का?" ती म्हणाली. "परवाचं सगळं खोटं होतं, हे आम्हांला कळलं होतं. तिथंच कळलं होतं."

लोहाऱ्याचे सर खुर्चीतून अर्धे उठले.

"मग बोलला का नाहीत, बेटी?" साहेब म्हणाले.

ती माझ्याकडं वळली. "सर, तुमच्या आईनं वाढलेलं आमच्या पोटात होतं. तुमचे वडील समोर बसले होते. त्यांच्या गावात, त्यांच्यासमोर, त्यांच्या मुलाला खोटारडा म्हणायचं? कुणाच्या घरचं खाऊन असं करतात का?"

"आमाला वाटलं, सर आमची गंमत करायलेत," मागून तो मगरीवाला थोराड पोरगा म्हणाला. "म्हनून म्याबी गंमतच इचारली. उर्दू का फारसी म्हनून."

मग त्यांनी एकेक थाप घेतली आणि सोलून ठेवली. कुर्डुवाडीला रेल्वे कधी आली आणि तोफा कधीच्या. अंडी किती लागतील आणि तेवढ्या कोंबड्या खातील काय. मगरीचं तर त्यांनी काही ठेवलंच नाही. आणि शेवटी ती मुलगी म्हणाली, "साहेब, आमच्या घरी यात्रेकरूंना गोष्टी सांगायचंच काम आहे. माझे चुलते लई रंगवून सांगतात. मी लहानपणापासून बघते. जिथं आकडा मोठा आणि साक्षीदार मेलेला, तिथं समजायचं की काका बोलायलेत. सरांच्या मगरीला साक्षीदार कोण? सरांच्या वडिलांचे आजोबा."

खरं सांगतो, मला तिचं कौतुक वाटलं. माझ्या धंद्याची नस इतकी अचूक कुणी धरली नव्हती. लोहाऱ्याचे सर आता पूर्ण उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. सासरा बोलणार होता. खुद्द जावयाकडं तोंड करून बोलणार होता.

साहेब खुशीत आले. खेळ संपल्यावर मांजर उंदराला जरा पळू देतं, तसे. "शाबास! कमाल आहे. म्हणजे तुम्हांला खोटं लगेच कळतं. मग आम्हांलाही सांगा. आणखी कुठं कुठं पकडलंत खोटं?"

मुलीनं पदर सारखा केला.

"बोल, बेटी. इजाजत आहे. इथं कुणी तुला जेवायला घातलेलं नाही."

"तुमच्या नोट्समध्ये, साहेब," ती म्हणाली.

मागचा थोराड पोरगा खाली बघायला लागला. मी आढ्याकडं बघितलं. तिथं एक पाल होती, तीही हलेना.

"तो विजापूरकडचा सरदार," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, जसं कुणी विचारलं म्हणून वेळ सांगावी. "तो पहिल्या सत्रात वेढ्यात मरतो. आणि दिवाळीनंतर तहावर सही करतो. आम्ही दोन्ही लिहितो, साहेब. दोन्हीला मार्क मिळतात."

साहेब हसले. पण ते नेहमीचं हसणं नव्हतं, पाली जागच्या जागी राहिल्या. त्यांनी सगळ्या पोरांना चहा सांगितला, स्वतःच्या खर्चानं. असं त्याआधी घडलं नव्हतं आणि नंतरही घडलं नाही. तिला म्हणाले, "तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, मुलगी लई हुशार आहे. फार शिकवू नका."

पोरं गेली. आणि मग मी असं दृश्य बघितलं, की मी इतक्या थापा मारल्या पण असली थाप मला कधी सुचली नसती. लोहाऱ्याचे सर आनंदानं फुलले होते. हातावर हात चोळत होते. "साहेब, बघितलंत ना? नुसतं पारखलं नाही, म्हणालीसुद्धा! तुमच्या तोंडावर म्हणाली! मी हेच शिकवत होतो, साहेब, हेच!"

आत्ता काय झालंय हे न कळलेला खोलीत एकच माणूस होता, आणि खरं-खोटं पारखायला तोच शिकवत होता. उमरग्याच्या सरांनी कप खाली ठेवला. त्यांना चहा अर्धा सोडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"बेशक," साहेब म्हणाले. "म्हणाली. पण किल्ल्यात म्हणाली नाही. अट किल्ल्याची होती."

सरांचे हात थांबले. "पण साहेब, तिथं जेवण झालं होतं. यांच्या वडिलांसमोर कसं..."

"जनाब," साहेब अगदी मायेनं म्हणाले, "इतिहासात सगळे कुणाचं ना कुणाचं जेवलेलेच असतात."

मग ते माझ्याकडं वळले. माझं अक्षर चांगलं होतं. "लिहा. विद्यार्थ्याच्या मनात इतिहासाविषयी आदर उत्पन्न व्हावा. बस्स. एवढंच कळवू."

मी लिहिलं. सुबक लिहिलं.

"पण आदर," लोहाऱ्याचे सर म्हणाले. त्यांच्या आवाजात आता काही उरलं नव्हतं, तरी ते विचारत होते. सवय. "आदर उत्पन्न झाला की नाही, हे तपासायचं कसं, साहेब?"

साहेबांच्या तासाची घंटा झाली. ते नोट्स काखेत घेऊन उठले. ते उठले तसे आम्ही तिघंही उठून उभे राहिलो, मी, उमरग्याचे सर आणि लोहाऱ्याचे सरही. तीन खुर्च्या एकदम सरकल्याचा आवाज झाला. साहेबांनी दारातून मागं वळून तिघांकडं नीट बघितलं.

"असं," ते म्हणाले, आणि गेले.

विद्यापीठाला आमचं वाक्य पसंत पडलं असावं. निदान तक्रार आली नाही. जूनमध्ये मी कायम झालो. आईनं गावात पेढे वाटले आणि वडिलांनी पारावर सांगितलं, की मुलाची नेमणूक करायला दिल्लीहून माणूस आला होता. ती पुजाऱ्यांची मुलगी वर्षाच्या परीक्षेला बसली. तिनं त्या सरदाराला वेढ्यात मारला, मग तहावर त्याची सही घेतली, दोन्ही व्यवस्थित, नोट्सप्रमाणं. वर्गात पहिली आली. म्हणजे शेवटी तीही शिकली.

काही वर्षांनी मला लोहाऱ्याला जावं लागलं. वडिलांनी तिकडच्या एका नातेवाइकाच्या जमिनीचा वाद ओढवून घेतला होता. बांधाचा वाद. वडील म्हणत, तो तुकडा आपल्या वाट्याचा. शेजारचा म्हणे, कशावरून? तहसील कचेरीत अर्ज द्यायचा होता. कचेरीच्या दारासमोर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे दोघंजण छत्र्या लावून बसले होते. एकाभोवती ही गर्दी. दुसऱ्याकडं कुणी नाही. तो दुसरा चष्मा पुसत होता.

शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, त्यांच्याकडं कुणी का जात नाही? "अक्षर मोत्यावानी हाय जी त्येचं," म्हातारा म्हणाला. "पर लई इचारतंय. अर्जात ल्ह्यायचं म्हनलं की कशावरनं, कशावरनं. आवो, कशावरनं ते म्हाईत असतं तर अर्ज कशाला केला असता?" आत खिडकीतून मेहुण्याची खुर्ची दिसत होती. सासरा अजून बोलत नाही, हेही म्हाताऱ्यानंच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

लोहाऱ्याच्या सरांनी मला ओळखलं. शेजारची सतरंजी हातानं झटकली आणि मला बसायला जागा केली. गर्दी नव्हती. माझं काम त्यांनी लगेच केलं असतं.

पण आमचा बांध त्यांच्यापुढं टिकला नसता. मी नमस्कार केला आणि शेजारच्या छत्रीच्या रांगेत उभा राहिलो.

माझी पाळी आली. लिहिणाऱ्यानं वर न बघता विचारलं, "वहिवाट कधीपासून?"

"शंभर वर्षांपासून."

"साक्षीला कोण?"

"आजोबा," मी म्हणालो. "वारले."

शेजारच्या छत्रीखालून हसल्याचा आवाज आला. मोठा नव्हता. मी तिकडं बघितलं नाही. लिहिणाऱ्यानं सगळं लिहून घेतलं.